आयव्ही ली : जनसंपर्काचा पहिला धडा

२८ ऑक्टोबर १९०६. अमेरिकेतील अ‍ॅटलांटिक सिटीजवळ पुलावरून जाणारी विजेवरची प्रवासी गाडी रुळांवरून घसरली आणि पाण्यात कोसळली. पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या काळी अपघात झाला की रेल्वे कंपन्या प्रथम दारे लावून घेत आणि बातमीदारांना घटनास्थळाच्या आसपास फिरकू देत नसत. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने या वेळी वेगळे केले. अपघाताची माहिती देणारे लेखी निवेदन तिने स्वतःहून वृत्तपत्रांकडे धाडले. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ते जसेच्या तसे छापले, असे जनसंपर्काच्या इतिहासात सांगितले जाते. आज प्रत्येक संपादकाच्या टेबलावर ज्यांचा ढीग साचतो, त्या प्रसिद्धिपत्रकांचा उगम बहुतेक अभ्यासक याच कागदात पाहतात. तो कागद ज्यांच्या सल्ल्याने निघाला, ते आयव्ही ली तेव्हा अवघे २९ वर्षांचे होते.

लींचा जन्म १८७७ मध्ये जॉर्जिया राज्यात, एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी झाला. प्रिन्स्टन विद्यापीठातून १८९८ मध्ये पदवी घेऊन ते न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रांत बातमीदार झाले. वेतन तुटपुंजे आणि धावपळ अखंड. त्या काही वर्षांत त्यांना एक गोष्ट उमगली. बड्या उद्योगपतींविषयी वाईट छापून येते याला त्यांची करणी कारणीभूत असतेच; पण त्यांचे मौनही तितकेच कारणीभूत असते. बातमीदाराला उत्तर मिळाले नाही, तरी त्याला रकाना भरावाच लागतो.

जॉर्ज पार्कर या जुन्या पत्रकारासह त्यांनी प्रसिद्धीचे कार्यालय थाटले. १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांचे काम त्यांच्याकडे आले. १९०२ च्या संपात कामगार नेते जॉन मिशेल बातमीदारांशी मोकळेपणाने बोलत आणि मालकांचे पुढारी जॉर्ज बेअर तोंड उघडत नसत. लोकमत साहजिकच कामगारांकडे झुकले होते. आता नव्या संपाचे ढग जमू लागले, तेव्हा लींनी संपादकांना आपल्या कार्यपद्धतीचा एक जाहीरनामाच पाठवला. आमचे काम उघड चालेल, आम्ही कोणाच्या वतीने बोलतो हे लपवणार नाही. मजकुरात जाहिरातीचा वास आला तर तो खुशाल बाजूला ठेवा. अधिक तपशील हवा असेल तर तत्परतेने देऊ आणि तो पडताळून पाहायला मदतही करू, असा त्याचा आशय होता. या व्यवसायात उतरणाऱ्या तरुणाने आजही गिरवावा असा हा पाठ आहे. त्यातला पडताळणीचा मुद्दा सर्वांत अवघड. लींचा पाय घसरला तो नेमका तिथेच.

२० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वसाहतीवर राज्याच्या सैनिकांनी हल्ला केला. तंबू पेटले. त्यांखालच्या खड्ड्यात आश्रय घेतलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले गुदमरून मरण पावली. ही खाण कंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातली. देशभर संताप उसळला आणि जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांनी लींना बोलावले. लींनी पत्रकांची मालिका काढली आणि ती देशभरातील मान्यवरांकडे पाठवली. कामगार नेत्यांच्या मानधनाचे त्यांतले आकडे भलतेच फुगवलेले होते. मदर जोन्स या पंचाहत्तरी ओलांडलेल्या कामगार कार्यकर्तीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा मजकूरही त्यांत होता. १९१५ मध्ये औद्योगिक संबंध आयोगापुढे साक्ष देताना लींना विचारले गेले, की ही माहिती खरी आहे याची तुम्ही काय खातरजमा केली? काहीच केली नाही, मालकांनी जे पुरवले ते छापले, असे त्यांना कबूल करावे लागले. संपादकांना पडताळणीचे आमंत्रण देणाऱ्या माणसाने स्वतः मात्र पडताळणी केली नव्हती. अप्टन सिंक्लेअर या कादंबरीकाराने त्वचेचा दाह करणाऱ्या एका विषारी वेलीवरून त्यांच्या नावावर कोटी केली. ती त्यांना जन्मभर चिकटली.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९१५ च्या सप्टेंबरमध्ये रॉकफेलर स्वतः कोलोरॅडोला गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या पंक्तीला जेवले, त्यांच्या बायकांबरोबर नाचले, आणि हे सारे बातमीदारांच्या देखत घडले. पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेले मॅकेन्झी किंग यांनी आखलेली कामगार प्रतिनिधित्वाची योजना कंपनीने स्वीकारली. तिला मालकधार्जिणी म्हणणाऱ्यांचे म्हणणे निराधार नव्हते. तरीही लींच्या पत्रकांपेक्षा त्या दौऱ्यानेच रॉकफेलरांची प्रतिमा अधिक बदलली. अशिलाचे वागणे सुधारल्याशिवाय त्याचे नाव सुधारत नाही, हे लींना ठाऊक होते. म्हणूनच ते शक्यतो संस्थेच्या प्रमुखाशीच थेट बोलत.

पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन रेड क्रॉसची प्रसिद्धी सांभाळली. पुढे स्वतःची कंपनी काढली, पैसा आणि मान दोन्ही मिळवले. मग १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ‘आयजी फार्बेन’ या जर्मन रसायन कंपनीने वर्षाला २५ हजार डॉलरवर लींचा सल्ला विकत घेतला. ते हिटलरलाही भेटले. १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी बाजू मांडली : आपण केवळ सल्ला दिला, अमेरिकेत नाझींचा प्रचार केला नाही. ते कदाचित खरेही असेल. पण साक्ष प्रसिद्ध झाली आणि वृत्तपत्रांनी त्यांना हिटलरचे प्रसिद्धी सल्लागार ठरवले. ज्यांच्याशी कसे बोलावे हे त्यांनी साऱ्या उद्योगजगताला शिकवले, त्याच बातमीदारांपुढे ते निरुत्तर झाले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला, वयाच्या ५७ व्या वर्षी, मेंदूतील गाठीमुळे त्यांचे निधन झाले.

चार वर्षांनी, १९३८ मध्ये, अमेरिकेने कायदा केला. परकीय सत्तेसाठी प्रसिद्धीचे काम करणाऱ्याने आपल्या अशिलाचे नाव सरकारदरबारी उघडपणे नोंदवले पाहिजे, असे बंधन त्याने घातले. त्या कायद्यामागे ज्या चौकशीचा मोठा वाटा होता, ती याच समितीची.