संत एलिझाबेथ ॲन सीटन यांचे अल्पचरित्र

प्रोटेस्टंट पंथात वाढलेले अनेक सज्जन स्त्रीपुरुष आजवर कॅथलिक ख्रिस्तसभेत आले. कोणी ग्रंथांच्या अभ्यासाने आले, कोणी वादविवादातून आले. संत एलिझाबेथ सीटन ह्या मात्र दुःखाच्या वाटेने आल्या, आणि आल्यावर त्याची झळ त्यांना आपल्या पाच लेकरांसह सोसावी लागली. म्हणूनच त्यांचे चरित्र प्रपंचात राहणाऱ्या भाविकांनी आवर्जून वाचावे असे आहे.

एलिझाबेथबाईंचा जन्म २८ ऑगस्ट १७७४ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. वडील रिचर्ड बेली नामांकित डॉक्टर होते. घराणे एपिस्कोपल पंथाचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील होते. बायबलाची गोडी त्यांना तेथेच लागली, व ती अखेरपर्यंत टिकली. १७९४ साली विल्यम सीटन या व्यापाऱ्याशी त्यांचा विवाह झाला. गरीब विधवांच्या साहाय्यार्थ १७९७ साली न्यूयॉर्कमध्ये जी संस्था निघाली, तिच्या कार्यात त्या पुढे होत्या.

पुढे व्यापार बुडाला आणि पतीस क्षयाने ग्रासले. हवापालट व्हावा म्हणून १८०३ साली पतिपत्नी थोरल्या मुलीसह इटलीतील लिव्होर्नो बंदरास गेली. न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी पीतज्वराची साथ असल्याने त्यांना किनाऱ्यावरील थंड, दगडी इमारतीत सुमारे महिनाभर अडकवून ठेवण्यात आले. तेथून सुटल्यावर आठच दिवसांनी, २७ डिसेंबर रोजी, पिसा येथे पतीचे निधन झाले.

परक्या देशात त्या विधवेस फिलिक्की नावाच्या कॅथलिक व्यापारी कुटुंबाने आपल्या घरी आश्रय दिला. त्यांनी प्रथम तिचे अश्रू पुसले. धर्माची बोलणी मागाहून झाली. ख्रिस्तप्रसादात प्रभू येशू खरोखर उपस्थित आहे, ही त्या घरची श्रद्धा पाहून बाईंचे मन हेलावले. पवित्र साक्रामेंताची मिरवणूक खिडकीखालून जाताना पाहिली की त्यांचे गुडघे आपोआप टेकत.

जून १८०४ मध्ये त्या मायदेशी परतल्या, आणि खरी कसोटी तेव्हा सुरू झाली. त्यांचे पूर्वीचे धर्मोपदेशक हेन्री होबार्ट यांच्याविषयी त्यांना मोठा आदर होता. ते एका बाजूने समजावीत; अँटोनिओ फिलिक्की दुसऱ्या बाजूने धीर देत. बाईंनी घाई केली नाही. दोन्ही पक्षांचे ग्रंथ वाचले, प्रार्थना केली, अनेक महिने घालमेल सोसली. आपल्या जुन्या उपासनामंदिरात बसल्या असताना शेजारच्या रस्त्यावरील कॅथलिक देवळाकडे तोंड होई, आणि प्रार्थना नकळत तेथील पवित्र साक्रामेंताकडे वळे. अखेर १४ मार्च १८०५ रोजी सेंट पीटर्स चर्चमध्ये त्यांनी कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला, आणि २५ मार्च रोजी प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला.

त्या देवळात बहुतांशी गरीब आयरिश लोक येत. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने त्यांच्या पंक्तीस बसावे, हे आप्तांस रुचले नाही. पुढे त्यांची धाकटी नणंद सेसिलिया हीही १८०६ साली कॅथलिक झाली, तेव्हा तर रोष अधिकच भडकला. चरितार्थाचे उद्योग एकामागून एक फसले. तरीही सोडलेल्या पंथाविषयी बाईंनी मनात अढी धरली नाही.

१८०८ साली बाल्टिमोरच्या धर्मगुरूंच्या निमंत्रणावरून त्यांनी तेथे शाळा काढली. १८०९ साली एमिट्सबर्ग येथे धर्मभगिनींचा संघ स्थापिला, व पुढील वर्षी गरीब मुलींसाठी मोफत शाळा उघडली. धर्मभगिनी होऊनही त्यांचे मातृत्व सुटले नाही. लेकरांचा सांभाळ त्यांनी अखेरपर्यंत केला. ॲना मरिया १८१२ साली व रिबेका १८१६ साली, अशा दोन मुली त्यांच्या डोळ्यांदेखत निवर्तल्या. ४ जानेवारी १८२१ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्या प्रभूच्या घरी गेल्या. १४ सप्टेंबर १९७५ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्यांस संतपद दिले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जन्मलेल्यांपैकी हा मान प्रथम त्यांसच मिळाला.

प्रिय धर्मग्रामस्थहो, ज्युबिलीच्या ह्या वर्षी आपण आपल्या देवळाच्या भिंतींचे वय मोजतो. परंतु एलिझाबेथबाईंस ख्रिस्तसभेचे पहिले दर्शन देवळात नव्हे, तर एका कुटुंबाच्या ओसरीवर झाले. सत्याचा शोध घेणारा कोणी आपल्या दारी आला, तर त्यास आपल्या घरीही तेच दर्शन घडो, अशी त्या संत मातेच्या मध्यस्थीने प्रार्थना करू या.