ध्वनीची उमेदवारी

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री शहराचा मध्यभाग बेचिराख केला. हवाई हल्ल्याचा इशारा देणारे भोंगे ऐकणाऱ्यांत त्या शहरात जन्मलेली साडेतीन वर्षांची एक मुलगी होती. कोणत्याही वाद्यातून न निघणारा, चढत-उतरत जाणारा तो आवाज तिच्या कानांत कायमचा वसला. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या आद्य शिल्पकारांत जिची गणना होते, त्या डेलिया डर्बिशायर यांनी आपल्या ध्वनिवेडाचे मूळ पुढे या भोंग्यांतच शोधले.

५ मे १९३७ रोजी एका पत्राकाम करणाऱ्या कामगाराच्या घरी जन्मलेली ही मुलगी शिष्यवृत्तीच्या बळावर केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात पोहोचली. १९५९ मध्ये गणित व संगीत या विषयांची पदवी हाती आली. मात्र डेक्का या ध्वनिमुद्रिका कंपनीकडे काम मागितले असता, आपल्या स्टुडिओत स्त्रियांना घेतले जात नाही, असे उत्तर मिळाले. वर्षभर शिकवण्या आणि किरकोळ नोकऱ्या केल्यानंतर १९६० च्या अखेरीस त्या बीबीसीत स्टुडिओ साहाय्यकाच्या उमेदवारीवर रुजू झाल्या.

बीबीसीच्या मेडा व्हेल येथील इमारतीत तेव्हा रेडिओफोनिक वर्कशॉप नावाचा एक छोटा विभाग होता. दाफ्नी ओरम आणि डेस्मंड ब्रिस्को यांच्या प्रयत्नांतून तो १९५८ मध्ये सुरू झाला होता. नाटकांसाठी आणि माहितीपटांसाठी कधी न ऐकलेले आवाज घडवणे, हे त्याचे काम. १९६२ मध्ये डर्बिशायर यांनी स्वतःहून तेथे बदली मागून घेतली. या विद्येचे पाठ्यपुस्तक तेव्हा जवळपास नव्हतेच. आधीच्या मंडळींच्या शेजारी बसायचे, त्यांचे हात पाहायचे आणि मग स्वतः ब्लेड हातात घ्यायचे, हीच शिकण्याची रीत होती.

ब्लेड यासाठी की, संगीत अक्षरशः कापून जोडले जाई. कीबोर्डच्या सिंथेसायझरचा जमाना अजून यायचा होता. सेकंदाला १५ इंच धावणाऱ्या टेपवर अर्ध्या सेकंदाचा सूर म्हणजे साडेसात इंचांची पट्टी. ती मोजायची, कापायची आणि पुढच्या पट्टीला चिकटवायची. टेप दुप्पट वेगाने वाजवली की तोच सूर एक सप्तक वर जाई. गणिताच्या विद्यार्थिनीला ही भाषा परकी नव्हती. गरज होती ती हात बसण्याची.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डार्टिंग्टन येथील उन्हाळी वर्गासाठी इटालियन संगीतकार लुचिआनो बेरिओ आले होते. मिलान येथील इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओचे ते एक संस्थापक. त्यांच्या साहाय्यक म्हणून डर्बिशायर यांनी तेथे काम केले. बीबीसीत टेप ही कार्यक्रमाच्या गरजेपुरती कापली जाई. येथे मात्र त्याच टेपकडे रचनेचे साधन म्हणून पाहणाऱ्या कलावंताचा सहवास त्यांना लाभला.

पुढच्याच वर्षी या उमेदवारीची कसोटी लागली. ‘डॉक्टर हू’ या मालिकेसाठी रॉन ग्रेनर यांनी एक धून लिहून दिली. डर्बिशायर यांनी सहकारी डिक मिल्स यांच्या मदतीने छेडलेल्या एका तारेचा आवाज, चाचणीसाठी वापरले जाणारे ऑसिलेटर आणि गाळून घेतलेली खरखर यांतून तिचा एकेक सूर घडवला. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ती प्रथम ऐकू आली. सहरचनाकार म्हणून डर्बिशायर यांचे नाव लागावे, अशी ग्रेनर यांची इच्छा होती. पण कार्यशाळेतील कर्मचाऱ्यांना निनावी ठेवण्याच्या बीबीसीच्या रिवाजापुढे तिचे काही चालले नाही. पडद्यावर ते नाव उमटले २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी.

शिकलेले त्यांनी स्वतःपाशी राखून ठेवले नाही. त्यांचे व्याख्यान ऐकायला आलेले डेव्हिड व्हॉरहाउस त्यांचे सहकारी झाले. ब्रायन हॉजसन यांच्यासह त्यांनी ‘व्हाइट नॉइज’ या नावाने १९६९ मध्ये काढलेला अल्बम पुढच्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा ऐकला. पण १९७३ मध्ये डर्बिशायर बीबीसीतून बाहेर पडल्या आणि काही काळातच संगीतापासूनही दूर गेल्या. गॅसवाहिनी टाकणाऱ्या कंपनीत रेडिओ ऑपरेटर, कलादालनात मदतनीस अशी कामे त्यांनी केली. ज्यांची धून घरोघरी ओळखीची होती, त्यांचे नाव फारच थोड्यांना ठाऊक होते.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पीटर केम्बर या तरुण संगीतकाराने त्यांना शोधून काढले. आता शिकवण्याची पाळी त्यांची होती. सुरांतील उपस्वर, आवाजाची घडण, कानाने करायची पारख अशा गोष्टी त्यांनी त्याच्यासमोर उलगडल्या आणि स्वतःही पुन्हा संगीताकडे वळल्या. हा नवा अध्याय मात्र अल्पायुषी ठरला. ३ जुलै २००१ रोजी वयाच्या ६४ व्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर त्यांच्या घराच्या माळ्यावर २६७ टेप सापडल्या. त्या पुढे मँचेस्टर विद्यापीठाकडे जतनासाठी सोपवण्यात आल्या. मेडा व्हेलमध्ये जी विद्या केवळ शेजारी बसून शिकता येत होती, तिच्या या खुणा आता नव्या अभ्यासकांना ऐकता येतात.