चोखोबांचा जोहार

श्रीसंत चोखोबारायांचे आख्यान आम्ही कीर्तनकार मंडळी मोठे रंगवून सांगतो. देव त्यांच्याबरोबर ढोरे ओढू लागला, या ठिकाणी श्रोत्यांचे डोळे पाणावतात. परंतु ढोरे ओढणे त्यांच्याच वाट्याला का आले, हे सांगायला पुष्कळदा वेळ उरत नाही. अन् ते सांगितल्याविना चोखोबांचा अभंग कळायचा नाही.

चोखोबा मंगळवेढ्याचे, जातीने महार. महाराने मेलेले जनावर ओढावे, वेस राखावी, सांगावा पोचवावा, वेठ करावी आणि राहावे मात्र गावकुसाबाहेर, ही गावगाड्याची रीत. वरिष्ठ भेटला की दूर उभे राहून जोहार घालायचा. तोच जोहार चोखोबांनी विठुरायापुढे घातला, आणि चाकरीतला शब्द भक्तीची रचना होऊन बसला! पुढे सोळाव्या शतकात पैठणच्या नाथमहाराजांनी, स्वतः ब्राह्मण असून, महाराच्या मुखाने जोहार रचले.

विटाळावरचे त्यांचे अभंग घ्या. आम्ही पाठशाळेत भाष्ये घोकली. आत्मा निर्लेप आहे हे तेथेही शिकलो. पण शिकून आम्ही सोवळ्यात जेवायलाच बसत होतो की! देवळाच्या दारातून हाकललेला माणूस तोच सिद्धांत बोलतो, तेव्हा तो वादाचा राहत नाही, जिवावरचा होतो.

घर सगळे अभंगांचे. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, पुत्र कर्ममेळा. बापाच्या अभंगात विनवणी अधिक. मुलगा मात्र देवाला सरळ जाब विचारतो. काही भाविकांना तो उद्धटपणा वाटतो. आम्हाला वाटत नाही. ज्याने बापाला जन्मभर बाहेर उभे पाहिले, त्याने गोड कुठून बोलावे?

शके १२६० मध्ये, म्हणजे सन १३३८ साली, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गेले. ज्या कुसाने बाहेर ठेवले, तेच अंगावर आले. ढिगाऱ्यातून विठ्ठलनाम उमटणाऱ्या अस्थी ओळखून नामदेवरायांनी त्या पंढरपुरी आणल्या व महाद्वारासमोर समाधी दिली, असे परंपरा सांगते.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कुठे अस्पृश्यांना ते दार उघडले. मध्ये सहाशे नऊ वर्षे गेली होती.