संत अथनासियस, अलेक्झांड्रियाचे बिशप

रविवारच्या मिस्सांत आपण उभे राहून जो विश्वासांगीकार म्हणतों, त्यांत पुत्र हा पित्याशीं एकतत्त्व आहे असें आपण कबूल करतों. या एका शब्दापायीं ज्यांनीं पांच वेळां हद्दपारी सोसली, त्या संत अथनासियस यांचें चरित्र या ज्युबिलीप्रसंगीं वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें.

ते इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरींत वाढले. तेथेंच आरियस नांवाचा एक धर्मगुरु लोकप्रिय होता. परमेश्वर एकच व अनादि. म्हणून पुत्र हा सर्वश्रेष्ठ असला तरी निर्माण केलेलाच, असें तो शिकवी. त्यास नुसतें दुष्ट म्हणून सोडणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. देवाचें एकत्व राखावें हाच त्याचा हेतु होता. पण तें राखतांना त्यानें पुत्राचें देवत्व गमाविलें. अथनासियसांचें उत्तर सरळ होतें. पुत्र निर्मित असेल तर त्यास भजणारे आपण सृष्टीचेच पूजक ठरतों. आणि जो स्वतः देव नाहीं, तो मनुष्यास देवाशीं कसा जोडणार? सूर्य व त्याचें तेज वेगळीं करतां येत नाहींत, तसेच पिता व पुत्र. म्हणून देव दोन होत नाहींत.

इ. स. ३२५ सालीं कॉन्स्टंटाइन बादशहानें निकीया येथें धर्मसभा भरविली, तेव्हां अथनासियस आपल्या बिशपांसमवेत उपयाजक म्हणून गेले होते. ३२८ सालीं ते स्वतः बिशप झाले. पुढील ४५ वर्षांपैकीं सुमारें १७ वर्षें परागंदा स्थितींत गेलीं! ३३५ सालीं टायर येथील सभेंत त्यांच्यावर आर्सेनियस नामक बिशपाच्या खुनाचा आळ आला. एक तोडलेला हातहि पुराव्यास आणला. जुने इतिहासकार सांगतात, कीं आर्सेनियस दोन्ही हातांनिशीं जिवंत सभेपुढें उभा राहिला. तरीहि निकाल विरुद्धच गेला.

३५६ सालच्या फेब्रुवारींत एका रात्रीं लोक मंदिरांत जागरण करीत असतां सैनिकांनीं वेढा दिला. बिशप आसनावरून हलले नाहींत. उपयाजकास स्तोत्र म्हणावयास लावून लोकांनीं प्रत्युत्तर देत घरोघर निघून जावें, असें त्यांनीं सांगितलें. सैनिक आंत घुसले. बहुतेक लोक बाहेर पडल्यावर संन्याशांनीं त्यांस ओढूनच नेलें. पुढें सहा वर्षें इजिप्तच्या वाळवंटानें त्यांस लपविलें.

परंतु त्यांचें खरें मोठेपण आम्हांस ३६२ सालच्या अलेक्झांड्रियाच्या सभेंत दिसतें. देवाविषयीं बोलतांना कोणी एकच हिपोस्तासिस म्हणत, कोणी तीन. दोघेहि एकमेकांस पाखंडी समजत. अथनासियसांनीं उभयतांस त्यांच्या शब्दांचा अर्थ विचारला. एकांचा रोख देवाच्या एक तत्त्वावर होता, दुसऱ्यांचा पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्तींवर. श्रद्धा एकच होती. इतका छळ सोसलेल्या वृद्धानें शब्दासाठीं भांडण वाढविलें नाहीं.

ता. २ मे ३७३ रोजीं आपल्याच नगरींत ते निवर्तले. त्यांचे नांव लागलेला दुसरा विश्वासांगीकार मात्र त्यांचा नव्हे. तो मागाहून पश्चिमेकडे लॅटिन भाषेंत रचला गेला. आपण म्हणतों तो निकीयाचाच, ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेशीं जोडलेल्या विस्तृत रूपांत.