मोजून पाहणाऱ्या इरावतीबाई

आपल्या मंडळातील बहुतेक भगिनींना इरावतीबाई कर्वे ठाऊक आहेत त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून. मीही त्यांना तेवढ्यानेच ओळखत होते. त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या म्हणजे नेमके काय करीत होत्या, हे पुढे वाचले आणि आदर दुणावला. म्हणून हे चार शब्द.

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात त्यांचा जन्म झाला. तेथल्या इरावती नदीवरूनच हे नाव ठेवले. शिक्षण पुण्यास हुजूरपागेत व फर्गसन महाविद्यालयात झाले. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी विवाह झाला. मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए. केल्यावर त्या बर्लिनला शिकल्या.

तेथे त्यांचे गुरू ऑयगेन फिशर. गोऱ्या वंशाची बुद्धी श्रेष्ठ, आणि तिची खूण कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेत सापडते, असे त्यांचे मत. ते पडताळण्याचे काम या शिष्येकडे आले. बाईंनी दीडशेच्या घरात कवट्या मोजल्या. वंशाचा आणि असमानतेचा काही संबंध दिसेना. परका देश, पदवी गुरूंच्या हाती. तरी जे दिसले तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. १९३३ नंतर जर्मनीत वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेने जो अनर्थ केला तो आठवला, म्हणजे त्या धैर्याचे मोल कळते.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. एक जात फुटून पोटजाती झाल्या, असे घुर्ये मानीत. बाई म्हणत, हे गट मुळातच वेगळे. शेजारी नांदता नांदता एका नावाखाली आले. वाद पुस्तकी वाटतो, पण त्यानेच बाईंना गावोगाव हिंडविले. उत्तरेत लेक दूरच्या अनोळखी घरी द्यायची, दक्षिणेत मामाच्या घरीही चालते, आणि आपला महाराष्ट्र दोहोंच्या मध्ये, हे त्यांनी १९५३ च्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात मांडले.

मोजमाप मात्र त्यांनी सोडले नाही. वंशवाद्यांची ती हत्यारे जातींना लावल्याबद्दल नंतरच्या अभ्यासकांनी त्यांनाही दोष दिला आहे. शास्त्र असेच पुढे जाते. शिष्येने गुरूला तपासले, तसे तिलाही इतरांनी तपासले.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या. अमक्या जातीची माणसे अशीच, असे आपण घरात सहज बोलून जातो. हल्ली ते वाक्य ओठांवर आले की मला बर्लिनमधल्या त्या कवट्या आठवतात, आणि मी गप्प बसते.