सिलोनचे प्रेषित संत जोसेफ वाझ

सिलोन बेटांतील, म्हणजे आजच्या श्रीलंकेंतील, ख्रिस्तसभेचे प्रेषित संत जोसेफ वाझ यांचा जन्म गोव्यांतील बाणावली गांवीं २१ एप्रिल १६५१ रोजीं झाला. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. डचांनीं सिलोनचा किनारा जिंकून कॅथलिक धर्मगुरूंस हांकून दिलें, हें वृत्त ऐकून तिकडे धांवून जावें असें त्यांस झालें. परंतु वरिष्ठांनीं त्यांस आधीं कानडा प्रांतांत पाठविलें. तेथून ते १६८४ त परतले. पुढील वर्षीं जुन्या गोव्यांत कांहीं देशी धर्मगुरु पवित्र क्रूसाच्या देवळापाशीं एकत्र राहूं लागले होते. वाझ त्यांस मिळाले व त्यांचे वरिष्ठ निवडले गेले. याच मंडळीनें पुढें संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीचे नियम स्वीकारले. सिलोनची ओढ असतां एका जागीं ध्यान व प्रार्थना करीत बसणें त्यांस जड गेलें असेल. तरी प्रस्तुत लेखकाच्या मतें तें वर्षच त्यांच्या सर्व कार्याचें मूळ होय.

मजुराच्या वेषांत निघून ते १६८७ त जाफन्यास पोंचले. गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. माळेकडे ज्याची नजर ओढली जाई, तो आपला! मग रात्रीं मिस्सा, कुमसार, बाप्तिस्मा.

१६९२ त कँडीच्या राजानें त्यांस पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेंत टाकिलें. दुसरा कोणी नुसती सुटकेची वाट पाहाता. वाझ यांनीं सिंहली भाषा शिकण्यास आरंभ केला, आणि पहारा सैल होतांच आवारांत झोंपडी उभारून तिचेंच देऊळ केलें. बाहेर पाऊल टाकण्याची बंदी असतां त्यांचें धर्मकार्य वेदीपाशीं सुरू झालें.

१६९७ त देवीची सांथ आली. आप्तांनीं टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा त्यांनीं स्वतः केली.

गांवें पुष्कळ, धर्मगुरु मोजके. म्हणून त्यांनीं गांवोगांवीं भाविक गृहस्थ नेमले; तामीळ लोक त्यांस अण्णावी म्हणत. रविवारीं लोकांस जमवून प्रार्थना चालविणें, मुलांस धर्मशिक्षण देणें, मरणोन्मुखापाशीं बसणें, हें त्यांचें काम. १७०५ त आलेले फादर जाकोम गोन्साल्विस यांनीं सिंहली व तामीळ भाषांत या भक्तीसाठीं ग्रंथच रचले.

१६ जानेवारी १७११ रोजीं वाझ कँडी येथें ख्रिस्तवासी झाले. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें. सिलोनवरील डचांचा अंमल १७९६ त संपला. तेव्हांहि अण्णावींच्या गांवांत रविवारची प्रार्थना चालूच होती.