जॉर्ज पापानिकोलाउ

जॉर्ज निकोलस पापानिकोलाउ (१३ मे १८८३ – १९ फेब्रुवारी १९६२) हे ग्रीक-अमेरिकन वैद्यक संशोधक आणि पेशीशास्त्रज्ञ होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वसूचना देणारी 'पॅप चाचणी' त्यांच्या नावाने ओळखली जाते.

जीवन

ग्रीसमधील युबिया बेटावरील कीमी या गावी त्यांचा जन्म झाला. अथेन्समध्ये वैद्यकशास्त्राची पदवी आणि म्युनिकमध्ये डॉक्टरेट मिळवल्यानंतर १९१३ मध्ये ते पत्नी मेरी यांच्यासह न्यूयॉर्कला गेले. आरंभी दोघांनीही एका मोठ्या दुकानात नोकरी केली. पुढे त्यांना कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात संशोधनाची संधी मिळाली.

संशोधन

गिनीपिगच्या योनिस्रावातील पेशींचा अभ्यास करताना ते स्त्रियांच्या स्रावाकडे वळले. मेरी यांनी अनेक वर्षे स्वतःचे नमुने तपासणीसाठी दिले. स्रावातील पेशींवरून कर्करोग ओळखता येतो, हे त्यांनी १९२८ मध्ये मांडले. रोमानियातील ऑरेल बाबेश यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशीच पद्धत सुचवली होती. मात्र ऊतीचा तुकडा तपासण्याची रीत रूढ असल्याने या विचाराची दीर्घकाळ उपेक्षा झाली. १९४३ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथानंतर तो मान्यता पावला.

महत्त्व

या चाचणीचा नमुना शस्त्रक्रियेविना, साध्या दवाखान्यातही घेता येतो. कर्करोग होण्यापूर्वीचे पेशींतील बदल त्यातून कळत असल्याने वेळीच उपचार करता येतात. जेथे स्त्रियांची नियमित तपासणी होऊ लागली, तेथे या रोगाने होणारे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले.